परिषदेत आठ मिनिटांत सांगायचं तरी काय? (मागच्या खेपेला फजिती झाली, म्हणून विचारतोय)

बोंडअळीवाला | ४ जानेवारी, रात्री ९.५०

मंडळी, मी पांढरकवड्याकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. गेल्या वर्षी एका राष्ट्रीय परिषदेत पेपर वाचला. ‘वाचला’ हाच शब्द बरोबर, कारण मी खरोखर स्लाइडवरचं वाचूनच दाखवलं. वेळ दहा मिनिटं, स्लाइड ३१. पहिल्या पाचात कापसाचं जगातलं महत्त्व, मग भारतातलं, मग विदर्भातलं. समोर बसलेले सगळे कापसातच आयुष्य घातलेले लोक. त्यानंतर बीटीचा, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाचा, इतिहास: २००२ साली पहिलं वाण मंजूर झालं, २००६ मध्ये दोन जनुकांचं आलं, पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पचवून बसली. एवढं होईस्तोवर घंटी वाजली. मराठी तक्ता जुन्या फॉन्टात होता, तिथल्या संगणकावर तो उघडला तर नुसते कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं. अध्यक्ष म्हणाले, निष्कर्षावर या. मी सतरा स्लाइड सटासट पुढे ढकलल्या आणि ‘धन्यवाद’वर येऊन थांबलो.

जेवणाच्या रांगेत एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “सर, काम बरंच केलेलं दिसतंय, पण सापडलं काय ते राहूनच गेलं हो.” ताटातलं वांग्याचं भरीत काही घशाखाली उतरलं नाही.

आता या महिनाअखेरीस नागपुरात परिषद आहे. गोषवारा मंजूर झालाय. आठ मिनिटं बोलायचं, दोन मिनिटं प्रश्न. दोन हंगाम आम्ही फेरोमोन सापळे (मादीच्या वासानं नरांना ओढणारे) लावून गुलाबी बोंडअळीचे नर पतंग मोजले, काही शेतं जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला) लागून, काही चार-पाच किलोमीटर लांब. त्यावरच बोलायचंय. किती स्लाइड ठेवू? इंग्रजीत बोलू की मराठीत? आणि माइक हातात आला की पोटात गोळा येतो त्याचं काय करू? आमच्याकडे विचारावं असं जवळ कुणी नाही.

निळी_शाई | ४ जानेवारी, रात्री १०.१५

सर, मीही पहिल्यांदाच जाणार आहे, पण पोस्टर घेऊन. धाग्यावर बसून राहते.

तूरडाळ | ४ जानेवारी, रात्री १०.४०

अमरावतीत असते, निवृत्त आहे. अशी सत्रं शंभरेक तरी ऐकली असतील, अध्यक्ष म्हणून घंटीही वाजवलीय. स्लाइड किती, हा प्रश्न नंतर. आधी मला एक वाक्य लिहून द्या. तुमचं ऐकून माणूस चहाला बाहेर गेला, तिथे कुणी विचारलं की त्या पांढरकवड्याच्या सरांनी काय सांगितलं, तर तो काय म्हणेल? ते वाक्य. इथेच लिहा.

बोंडअळीवाला | ४ जानेवारी, रात्री ११.०५

“यवतमाळ जिल्ह्यातील निवडक गावांमध्ये पेक्टिनोफोरा गॉसिपिएला या किडीच्या प्रादुर्भावाचे हंगामनिहाय सर्वेक्षण करून जिनिंग कारखान्यापासूनचे अंतर व पतंगांची सापळ्यातील संख्या यांतील सहसंबंधाचा अभ्यास करण्यात आला.”

तूरडाळ | ४ जानेवारी, रात्री ११.१०

हे शीर्षक झालं. तुम्ही काय केलं ते कळलं. सापडलं काय?

बोंडअळीवाला | ४ जानेवारी, रात्री ११.२५

जिनिंगजवळच्या शेतांमध्ये पतंगांची संख्या लक्षणीयरीत्या…

तूरडाळ | ४ जानेवारी, रात्री ११.२७

‘लक्षणीयरीत्या’ खाली ठेवा. घरी सांगाल तसं सांगा.

बोंडअळीवाला | ४ जानेवारी, रात्री ११.४०

जिनिंगला लागून असलेल्या शेतात बोंडअळीचे पतंग लांबच्या शेतांपेक्षा आधी येतात.

तूरडाळ | ४ जानेवारी, रात्री ११.४५

झालं की. हे एका चिठ्ठीवर लिहा, लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवा. आता तुमच्या ३१ स्लाइड एकेक उघडा आणि चिठ्ठीकडे बघा. या वाक्याला जिचा उपयोग नाही ती काढा. फेकू नका, फाइलच्या शेवटी नेऊन ठेवा. प्रश्नोत्तरांत लागतात. झोपा आता.

चष्मेवाला | ५ जानेवारी, सकाळी ८.२०

थोडा विरोध नोंदवतो. ‘एकच वाक्य, मोजक्या स्लाइड’ हे ऐकायला गोड लागतं, पण संशोधन परिषदेत परीक्षक पद्धती विचारतात. सापळे किती, कोणत्या अंतरावर, किती दिवसांनी मोजले, ल्युर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, कधी बदलला. हे नसेल तर तुमचं वाक्य म्हणजे पारावरची गप्प. आणि बोला इंग्रजीतच. मराठीत बोललं की अर्धा हॉल उठून चहाला जातो.

तूरडाळ | ५ जानेवारी, सकाळी ९.००

चष्मेवाले सर, पद्धती हवीच, तिला एक स्लाइड द्या. शेतांचा साधा नकाशा, जिनिंगचा ठिपका, सापळ्यांचे ठिपके. मिनिटभरात होतं. बाकीचं छापील पेपरात आहे, ज्याला हवं तो वाचेल.

पण गर्दी केलेली स्लाइड किती महागात पडते त्याचं एक उदाहरण देते. २००३ सालचं कोलंबिया यान, ज्यात आपली कल्पना चावला होती. उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या टाकीचा फोमचा तुकडा तुटून डाव्या पंखावर आपटला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी त्याबद्दल नासाला स्लाइड दाखवल्या. एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं. खाली ओळींच्या पोटात ओळी, त्यांच्या पोटात आणखी ओळी. आणि सगळ्यात तळाला, बारीक अक्षरात, खरी गोष्ट: आपटलेला तुकडा अंदाजे १,९२० घन इंचांचा, आणि चाचण्या झालेल्या त्या ३ घन इंचांच्या तुकड्यावर. म्हणजे ६४० पट! १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, सातही जण गेले. चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडवर वेगळी टिप्पणी आहे. फक्त स्लाइडमुळे झालं असं कुणीच म्हणत नाही. पण सर्वांत मोठा आकडा सर्वांत खाली कसा गेला, याचा विचार मी अजून करते.

बोंडअळीवाले सर, तुमचं मघाचं वाक्य आलेखाच्या डोक्यावर शीर्षक म्हणून घाला. ‘निकाल’ असं लिहून ती जागा वाया घालवू नका.

कोळसापट्टी | ५ जानेवारी, दुपारी १.३०

वणीला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजांचे सेमिनार आणि लग्नांतले मोठे स्क्रीन, दोन्हीकडे वायरी मीच ओढतो. तुमचा फॉन्ट का फुटला ते सांगतो, म्हणजे परत फुटणार नाही.

श्रीलिपी, कृतिदेव हे जुन्या पद्धतीचे फॉन्ट. त्यांत ‘क’च्या जागी आत इंग्रजी कीबोर्डचंच एखादं चिन्ह साठवलेलं असतं, फॉन्ट त्याला फक्त मराठी सोंग देतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर सोंग उतरतं आणि कंस-टक्के दिसतात. म्हणून सगळा मजकूर युनिकोडमध्ये करा. मंगल, कोकिळा, निर्मला यांतलं काहीतरी बहुतेक विंडोजवर सापडतं. वेगळाच फॉन्ट हवा असेल तर पॉवरपॉइंटच्या ऑप्शनमध्ये सेव्हखाली ‘फॉन्ट फाइलमध्येच ठेवा’ अशी खूण असते, ती करा. आणि काहीही झालं तरी पीडीएफ काढून ठेवा, त्यात अक्षर हलत नाही. पेनड्राइव्हवर दोन्ही, स्वतःच्या मेलवर दोन्ही. पेनड्राइव्ह दोन न्या. माझ्या दुकानात महिन्याला चार-पाच मेलेले येतात, सगळ्यांच्या मालकांची परवाच परिषद असते.

हॉलमधला प्रोजेक्टर जुना असेल तर पडदा चौकोनी, चारास तीनचा. तुमची फाइल सोळास नऊची. मग वर-खाली काळे पट्टे येतात आणि अक्षर लहान होतं. आयोजकांना आधीच फोन करून विचारा, लाजू नका. स्वतःचा लॅपटॉप नेणार असाल तर एचडीएमआय आणि जुनी व्हीजीए, दोन्ही वायरींची सोय हवी.

मोठा एलईडी स्क्रीन असेल तर लेझरचा ठिपका त्यावर नीट दिसत नाही. लोक पॉइंटर फिरवत राहतात, समोर कुणाला काही दिसत नाही. त्यापेक्षा दाखवायचं तिथे स्लाइडमध्येच बाण काढा.

चार बटणं पाठ करा. एफ ५ ने शो पहिल्यापासून सुरू होतो. शिफ्ट धरून एफ ५ दाबलं तर आहे त्या स्लाइडपासून. बी दाबलं की पडदा काळा, लोक तुमच्याकडे बघतात, परत बी दाबलं की स्लाइड येते. आणि स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर मारलं की थेट तिथे उडी. मागच्या वेळी हे माहीत असतं तर सतरा स्लाइड ढकलाव्या लागल्या नसत्या.

बोंडअळीवाला | ५ जानेवारी, रात्री ९.१०

एंटरचं खरंच माहीत नव्हतं. पंधरा वर्षं पॉवरपॉइंट वापरतोय!

धानाचं_पऱ्हं | ५ जानेवारी, रात्री १०.३०

वडसा. दिवसा शाळेत शिकवतो, दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या नाटकात उभा असतो. रात्री दहाला सुरू होतं, उजाडेपर्यंत चालतं, समोर अख्खं गाव शाली पांघरून. पोटात गोळा मलाही येतो सर, इतक्या वर्षांनंतरही, पहिल्या वाक्यापर्यंत. म्हणून पहिली तीन वाक्यं आणि शेवटचं वाक्य एवढंच तोंडपाठ करा, झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे असं. मधलं पाठ करू नका. पाठ केलेलं मधे तुटलं की माणूस तिथेच अडकतो. आमच्याकडे विंगेत प्रॉम्प्टर असतो, तुमच्याकडे कुणी नसणार. तुमच्या स्लाइडचं शीर्षक हाच तुमचा प्रॉम्प्टर.

‘सर्वप्रथम मी आयोजकांचे, विचारपीठावरील मान्यवरांचे…’ यात पाऊण मिनिट जातं. आठातलं पाऊण! तोंड उघडलं की थेट शेतात घेऊन जा.

तालीम उभं राहून, मोठ्यानं. मनातल्या मनात म्हटलेलं नेहमी लवकर संपतं. आणि माइक हनुवटीखाली चार बोटांवर धरा. स्लाइडकडे मान वळवली की तोंड माइकपासून दूर जातं आणि आवाज गडप होतो. पाहुण्यांच्या भाषणात निम्म्या वेळा हेच होतं, लोक म्हणतात माइक खराब.

ठेचा_भाकर | ६ जानेवारी, सकाळी ६.१५

सर, राम राम. मी करंजीकडचा. परिषद-बिरिषद मले कळत नाई, पन बोंडअळी कळते. २०१७ साली दोन एकर पऱ्हाटीत, म्हंजे उभ्या कापसात, रोटावेटर फिरवला म्या. बाईनं बारीक केलेलं तुमचं वाक्य वाचलं, समजलं. आता डोक्यात आलं ते इचारू का?

जिनिंग रोडाले हाय. रोडाच्या बाजूनं ज्याईचे वावरं हायेत, त्याईच्या विहिरी हायेत, मोटारी हायेत. ते लोक फरदड घेतात, म्हंजे कापूस येचून झाला तरी पानी देऊन तेच झाडं ठेवतात. मार्च लागेपावतर पऱ्हाटी उभी रायते. तुमचे लांबचे वावरं कोरडवाहू असन, तिथं डिसेंबरात कापूस सरला का पऱ्हाट्या उपटून मोकळे. मंग अळी जिनिंगनं आली का फरदडीनं? तुमी काय पाह्यलं ते मले मालूम नाई, म्हनून इचारलं.

तूरडाळ | ६ जानेवारी, सकाळी ७.००

सर, हा प्रश्न तुम्हाला नागपुरात कुणीतरी विचारणारच. तो करंजीहून तीन आठवडे आधी फुकटात आलाय.

चष्मेवाला | ६ जानेवारी, सकाळी ९.४५

पारावरच्या गप्पेबद्दल लिहिलेले शब्द मागे घेतो.

बोंडअळीवाला | ८ जानेवारी, रात्री ११.३०

दोन दिवस गायब होतो. वह्या काढल्या, शेतकऱ्यांना फोन केले, दोघांकडे गाडीवर जाऊन आलो. ठेचाभाऊ, जिनिंगजवळच्या आमच्या सहा शेतांपैकी दोघांनी आदल्या हंगामात फरदड ठेवली होती. वहीत ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती दोन शेतं काढून पुन्हा आलेख काढला. फरक कमी झाला. गेला नाही, पण कमी झाला. जिनिंगचा संशय येण्याला कारण आहेच. तिथे कच्चा कापूस आणि सरकी महिनोन् महिने पडून राहते आणि अळी सरकीच्या पोटात सुप्तावस्थेत बसून राहते. उन्हाळाभर घराशेजारी रचलेल्या पऱ्हाट्यांचंही तेच. तरी आता मी ‘जिनिंगमुळे’ म्हणू शकत नाही, ‘जिनिंगजवळ’ एवढंच म्हणू शकतो. खरं सांगायचं तर थोडा हिरमुसलो. मग वाटलं, हे व्यासपीठावर कळलं असतं तर?

स्लाइड आता नऊ झाल्यात. फरदडीची एक वेगळी करून शेवटी राखीव ठेवली आहे.

तूरडाळ | ९ जानेवारी, सकाळी ७.३०

राखीव कशाला ठेवता? पुढे आणा. आपल्या कामातली भेग आपणच दाखवली की समोरच्याला ती उघडी पाडायची हौस उरत नाही. शिवाय तुमच्या बोलण्यातली तीच सगळ्यात मजेदार गोष्ट आहे. आणि आलेख इथे टाका बरं एकदा.

बोंडअळीवाला | ९ जानेवारी, रात्री ९.००

टाकलाय. जवळची शेतं लाल रेघ, लांबची हिरवी.

निळी_शाई | ९ जानेवारी, रात्री ९.२०

सर, लाल-हिरवं नको. माझ्या भावाला त्यातला फरक दिसत नाही, त्याला दोन्ही रेघा मातकट दिसतात.

बोंडअळीवाला | ९ जानेवारी, रात्री ९.३५

आणि मी दरवर्षी वर्गात शिकवतो की हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो! हॉलमध्ये बहुतेक पुरुषच असणार. जवळची गडद निळी जाड रेघ, लांबची नारिंगी तुटक, असं करतो.

तूरडाळ | ९ जानेवारी, रात्री १०.००

कोपऱ्यातली ती सूची पण काढा. रेघेच्या शेवटी रेघेचं नाव लिहा, लोकांना डोळे इकडून तिकडे न्यावे लागत नाहीत. मागच्या जाळीच्या रेघा पुसा. आलेख पडद्यावर आला की आधी अक्ष सांगा: आडवे आठवडे, उभे एका रात्री एका सापळ्यात आलेले पतंग. मग एक श्वास थांबा. तुम्ही हा आलेख दोन वर्षं बघताय, ते पहिल्यांदा बघतायत.

ठेचा_भाकर | ९ जानेवारी, रात्री १०.२०

त्या चित्रात आठावर आडवी रेघ कायची हाय जी?

बोंडअळीवाला | ९ जानेवारी, रात्री १०.३०

ती धोक्याची पातळी, भाऊ. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असं सलग तीन रात्री आले तर फवारणीचा निर्णय घ्यायचा.

ठेचा_भाकर | ९ जानेवारी, रात्री १०.३५

मंग तसं लिवा ना तिथं. ‘ईटीएल’ लिवलं त मले वाटलं एखांद्या औषदाची कंपनी हाय.

कोळसापट्टी | ९ जानेवारी, रात्री १०.५०

😂 लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडद्यावर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाचा. तिथून वाचता येत नसेल ते शेवटच्या रांगेलाही येणार नाही. चोवीसच्या खालचं अक्षर मी कुणाला लावू देत नाही.

निळी_शाई | १० जानेवारी, सायंकाळी ६.४०

मधे घुसते. माझं पोस्टर ए झिरो, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. गोषवारा, प्रस्तावना, पद्धती, सगळं बसवलंय, तरी कुणी थांबेल असं वाटत नाही.

तूरडाळ | १० जानेवारी, रात्री ८.१५

गोषवारा काढून टाक पोरी, तो पुस्तिकेत छापलेला असतोच. सापडलेली गोष्ट वरच्या तिसऱ्या हिश्शात, मोठ्या अक्षरात, पूर्ण वाक्यात. खाली एक मोठं चित्र. बाकी तू शेजारी उभी असशीलच ना सांगायला? फक्त पोस्टरला पाठ लावून उभी राहू नकोस, बाजूला राहा.

बोंडअळीवाला | १४ जानेवारी, रात्री ११.५०

तालमीचा हिशोब देतो. पहिल्या दिवशी १३ मिनिटं. दुसऱ्या दिवशी १० मिनिटं २० सेकंद. बीटीचा इतिहास पूर्ण काढला तेव्हा ९ वर आलो. काढताना जीव तुटला, त्यासाठी किती वाचलं होतं! आज संक्रांत. तिळगूळ वाटून झाले, घरच्यांना समोर बसवलं आणि सुरू केलं, तर वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी तशीही कामातून गेलेली. बायको म्हणाली, थांबता कशाला, सांगा तसंच. अंधारात स्लाइडशिवाय बोललो. नकाशा हातानं हवेत काढला. ७ मिनिटं ४० सेकंद, आणि आईला पहिल्यांदा सगळं समजलं. तिनं एकच विचारलं, “म्हणजे आपल्या मागच्या पऱ्हाट्याच्या गंजीत पण असन का?” काढायला सांगितलीय उद्या.

भाषेचं विचारायला आयोजकांना फोन केला. ते म्हणाले, दोन्ही चालतं. म्हणून स्लाइडवर इंग्रजी, तोंडात मराठी. चष्मेवाले सर, रागावू नका. इंग्रजीत मी वाचतो, मराठीत सांगतो, हे काल रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं.

चष्मेवाला | १५ जानेवारी, सकाळी ८.०५

रागावत नाही. पण पहिलं आणि शेवटचं वाक्य दोन्ही भाषांत म्हणा. बाहेरच्या राज्यातले कुणी असतील तर त्यांनाही काहीतरी घेऊन जाता येईल.

धानाचं_पऱ्हं | १५ जानेवारी, रात्री ९.३०

आणि आठाचे सहा झाले तर काय, हे आधीच ठरवून ठेवा. सत्र कधीच वेळेवर सुरू होत नाही. कोणत्या दोन स्लाइड गाळायच्या त्यांचे नंबर चिठ्ठीवर.

बोंडअळीवाला | ३० जानेवारी, रात्री १०.१५

वृत्तांत.

पहाटेची पांढरकवडा-नागपूर बस. वडकी, हिंगणघाट, जाम, खिडकीतून थंडी आत. चिठ्ठीवर ३ आणि ७ लिहिलं होतं. लवकर पोचलो आणि कोळसापट्टीभाऊंनी सांगितल्याप्रमाणे सत्राआधी हॉलमध्ये जाऊन फाइल उघडून बघितली. अक्षरं शाबूत. मात्र पडदा चौकोनीच निघाला, आणि दुपारचं ऊन सरळ त्यावर. नारिंगी रेघ फिकट दिसत होती. तिथल्या पोराला विनंती करून एका बाजूचे पडदे ओढून घेतले.

सत्र चाळीस मिनिटं उशिरा लागलं. अध्यक्ष म्हणाले, प्रत्येकाला सहाच मिनिटं. माझ्या आधीच्या दोघांनी मागच्या वर्षीचा माझा प्रयोग हुबेहूब केला, शेवटच्या स्लाइड पळवत. माझा नंबर आला तेव्हा गोळा होताच. तोंड उघडलं: “नवरात्रात आमच्या जिनिंगच्या भिंतीजवळचे सापळे पतंगांनी भरले होते. चार किलोमीटर पलीकडचे त्याच रात्री जवळजवळ रिकामे.” हॉलमधली कुजबुज थांबली. गोळा तिथेच विरला, धानभाऊ.

३ आणि ७ गाळल्या. दुसऱ्या स्लाइडवरून ४ दाबून एंटर, कुणाला कळलंही नाही. डोमकळीचा, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेल्या फुलाचा, एक मोठा फोटो ठेवला होता, त्यावर काहीच लिहिलं नव्हतं आणि मीही काही बोललो नाही. समोर बसलेल्यांनी ती फुलं शेकडो वेळा पाहिलीत, सगळ्यांच्या माना हलल्या. फरदडीची स्लाइड मात्र गाळली नाही. “हा प्रश्न आम्हाला करंजीकडच्या एका शेतकऱ्यानं विचारला आणि आमचा निष्कर्ष निम्मा झाला,” असं म्हटलं तर लोक हसले, पण चांगल्या अर्थानं. सहाव्या मिनिटाला शेवटचं वाक्य, दोन्ही भाषांत. घंटी वाजलीच नाही.

एक चूक झाली. प्रश्नाच्या वेळी एका सरांनी विचारलं, सापळ्यांत नरच येतात, मग बोंडांतल्या अळ्यांशी त्याचा मेळ घातला का? मी उत्तर सुरू केलं आणि भरकटलो, दीड मिनिट काहीतरी बोललो. ‘बोंडं फोडून मोजली नाहीत’ एवढंच खरं उत्तर होतं. घरी येताना बसमध्ये तेच डोक्यात.

तूरडाळ | ३० जानेवारी, रात्री १०.४०

प्रश्न आला की तो आधी स्वतःच्या शब्दांत परत म्हणायचा. मागच्यांना ऐकू जातो आणि आपल्याला चार सेकंद मिळतात. हे सांगायचं माझ्याकडूनच राहिलं.

निळी_शाई | ३० जानेवारी, रात्री १०.५५

माझ्या पोस्टरपाशी अकरा जण थांबले! त्यातले दोघं चहाचा टेबल कुठेय विचारायला.

कोळसापट्टी | ३० जानेवारी, रात्री ११.००

नऊ म्हणजे चांगलेच की.

ठेचा_भाकर | ३१ जानेवारी, सकाळी ५.५०

सर, माह्या प्रश्नावर हॉल हासला म्हन्ता. मंग माहा चहा लागू झाला.

बोंडअळीवाला | ३१ जानेवारी, सकाळी ७.१०

चहा काय, जेवायलाच या. आणि एक मागणं आहे. तुमचं वावर जिनिंगपासून लांब आहे पण ओलिताचं आहे, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. मला नेमकं तसंच शेत हवंय, जिनिंग नसलेलं पण पाणी असलेलं. पुढच्या हंगामात पेरणीनंतर दीड महिन्यानं दोन सापळे लावू का? या वेळी बोंडंही फोडून मोजतो.

ठेचा_भाकर | ३१ जानेवारी, सकाळी ७.३०

लावा ना. पन ते ल्युर बदलाले तुमीच या जी, मले तारखा ध्यानात रायत नाई. आन् फरदड म्या औंदा घेतली नाई, ते पयले वहीत लिवून घ्या.